झाडपाल्याच्या औषधानंच कावीळ झाली का? डॉक्टर गुण देऊन कसं ठरवतात आणि आपण काय जपून ठेवायचं

अमरावती/अकोला : घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, की वऱ्हाडात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झाडपाल्याचं औषध दे, उतरून जाते." आणि औषध घेऊनही दुखणं वाढलं, की त्याच ओसरीवर दुसरं वाक्य येतं, "त्या औषधानंच केलं हे सारं." पहिलं वाक्य बोलणाऱ्याजवळ पुरावा नसतो आणि दुसरं बोलणाऱ्याजवळही नसतो.

मग दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काही गावठी औषध, काढा, पावडर घेतली होती का?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही जी." डॉक्टर रागावतील म्हणून, किंवा ज्यानं औषध दिलं तो गावातलाच माणूस म्हणून लोक सांगत नाहीत. पण याच एका उत्तरावर पुढचा सगळा तपास अवलंबून असतो.

औषधामुळे लिव्हर बिघडलं की दुसऱ्या कशामुळे, हे ठरवायची जगभर वापरली जाणारी एक पद्धत आहे. तिच्यात परीक्षेसारखे गुण देतात. ती समजून घेतली, तर आपण घरी कोणती माहिती, कोणता कागद, कोणतं पाकीट सांभाळायचं हे लक्षात येतं.

आधी लिव्हरचं काम पाहू

लिव्हर म्हणजे यकृत. बोकडाच्या मटणात जिला आपण कलेजी म्हणतो, तोच अवयव. आपण जे काही पोटात घेतो, ते पचून आधी लिव्हरमध्ये जातं. पॅरासिटामॉलची गोळी असो, टीबीची गोळी असो की गुळवेलीचा काढा असो, लिव्हरला ते एकेक रसायनच असतं. ते फोडून शरीराबाहेर काढणं हे त्याचं काम.

काही पदार्थ जास्त प्रमाणात घेतले तर कोणाच्याही लिव्हरला इजा करतात. पॅरासिटामॉल हे त्याचं नेहमीचं उदाहरण. काही पदार्थ मात्र शंभरातल्या नव्याण्णव जणांना काहीच करत नाहीत आणि एखाद्यालाच बाधतात. त्या माणसाची जनुकं, त्याची प्रतिकारशक्ती, त्याला आधीपासून असलेला आजार अशी कारणं त्यामागे असतात. म्हणून "आमच्या घरी साऱ्यांनी घेतलं, कोणाले काही झालं नाही" हे खरं असूनही त्याच घरातल्या एकाला त्रास होऊ शकतो.

हे फक्त झाडपाल्याचं नाही. देशातल्या मोठ्या रुग्णालयांनी औषधांमुळे लिव्हरला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध केला. त्यात सर्वात मोठा वाटा, सुमारे ४६ टक्के, टीबीच्या औषधांचा होता. आयुर्वेदिक व इतर पर्यायी औषधांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. म्हणजे ॲलोपॅथीची औषधंही लिव्हर बिघडवतात आणि झाडपाल्याचीही बिघडवू शकतात. दोघांना फूटपट्टी एकच.

गुळवेलीचं काय झालं होतं?

कोरोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला जात होता. कडुनिंबावर चढलेली गुळवेल चांगली म्हणून लोक बांधावरून वेल तोडून आणत. दुकानातून रस आणि गोळ्याही मिळत होत्या.

त्याच सुमाराला, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये, मुंबईत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कावीळ व लिव्हरला सूज असलेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. त्यांनी ही माहिती २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. सहापैकी एक रुग्ण दगावला होता.

७ जुलै २०२१ रोजी केंद्राच्या आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. मंत्रालयाचं म्हणणं होतं, की रुग्णांनी खाल्लेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, हे तपासलेलंच नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी तिची एक जातबहीण आहे. तिचं शास्त्रीय नाव टिनोस्पोरा क्रिस्पा. ती लिव्हरला अपायकारक ठरू शकते. आधी वनस्पती ओळखणाऱ्या जाणकाराला विचारायला हवं होतं, असं मंत्रालयानं म्हटलं. गुळवेल सुरक्षित आहे, ही भूमिका मंत्रालयानं फेब्रुवारी २०२२ मध्येही पुन्हा मांडली.

पुढे देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून मोठा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३ रुग्ण होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मधला काळ साधारण ४६ दिवस निघाला. रुग्णांकडून मिळालेल्या काही नमुन्यांची रासायनिक तपासणीही या वेळी केली गेली. अनेक रुग्णांमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्याच्या खुणा दिसल्या. ज्यांना आधीपासून लिव्हरचा आजार होता, त्यांची तब्येत झपाट्यानं बिघडली.

गुळवेल प्रतिकारशक्ती जागी करते म्हणून लोक ती घेतात. ज्याच्या अंगात प्रतिकारशक्ती आपल्याच लिव्हरवर उलटण्याचा कल आधीपासून आहे, त्याला हेच जागं करणं महागात पडू शकतं, असं या डॉक्टरांना वाटतं.

या वादात दोन्ही बाजूंचे प्रश्न रास्त होते. कोणती वनस्पती होती? किती दिवस घेतली? दुसरं कारण नव्हतं ना? हेच प्रश्न पुढच्या गुणांच्या पद्धतीत येतात.

गुणांची पद्धत : सात प्रश्न

या पद्धतीला 'रुकाम' म्हणतात. फ्रान्समधल्या रुसेल उक्लाफ या औषध कंपनीच्या नावावरून हे नाव पडलं. १९९३ साली ती पहिल्यांदा छापून आली आणि २०१६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. मुळात ती कारखान्यात बनलेल्या औषधांसाठी होती. आता झाडपाल्यालाही वापरतात.

गुण देण्याआधी इजा खरी आहे का ते बघतात. रक्ताच्या लिव्हर तपासणीत एसजीपीटीचा आकडा नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या पाचपट किंवा जास्त, नाहीतर अल्कलाइन फॉस्फेटेजचा दुप्पट किंवा जास्त असायला हवा. थोडासा वाढलेला आकडा यात धरत नाहीत. त्यानंतर हे सात प्रश्न. खालचे गुण लिव्हरच्या पेशींना इजा होते त्या नेहमीच्या प्रकाराचे आहेत.

१. औषध सुरू केल्यापासून किती दिवसांनी त्रास झाला? ५ ते ९० दिवसांत झाला तर २ गुण. त्याच्या आधी किंवा नंतर झाला तर १.

२. औषध बंद केल्यावर एसजीपीटी उतरला का? ८ दिवसांत निम्म्यानं उतरला तर ३ गुण. ३० दिवसांत उतरला तर २. पुन्हा तपासलंच नाही तर शून्य. बंद करूनही उतरला नाही किंवा परत चढला, तर उणे २.

३. वय आणि दारू. वय ५५ किंवा जास्त असेल तर १ गुण, रोजची जास्त दारू असेल तर १. या दोन्हींमुळे लिव्हरला धोका वाढतो असं धरतात.

४. सोबत दुसरी औषधं होती का? नव्हती तर शून्य. होती, तर ती किती संशयास्पद आहेत त्यावरून उणे १ ते उणे ३. कारण मग दोष कोणाचा, हे सांगता येत नाही.

५. दुसरी कारणं तपासली का? कावीळ ए, बी, सी, ई, सोनोग्राफी, दारू, रक्तदाब खूप खाली जाणं आणि इतर आजार हे सगळं तपासून बाजूला काढलं असेल तर २ गुण. फारच थोडं तपासलं असेल तर उणे २. दुसरं कारण पक्कं सापडलं तर उणे ३.

६. या औषधानं लिव्हर बिघडल्याची आधीची नोंद आहे का? औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलं असेल तर २. वैद्यकीय लेखांत छापून आलं असेल तर १. काहीच नसेल तर शून्य.

७. तेच औषध चुकून पुन्हा घेतल्यावर तसाच त्रास झाला का? तपासणीत एसजीपीटी दुपटीनं वाढलेला दिसला तर ३ गुण.

सगळ्यांची बेरीज करायची. शून्य किंवा खाली आली तर औषध कारण नाही असं धरतात. १ ते २ म्हणजे शक्यता कमी. ३ ते ५ म्हणजे शक्य आहे. ६ ते ८ म्हणजे बहुतेक तेच कारण. ९ किंवा जास्त म्हणजे जवळपास नक्की.

सातव्या प्रश्नाबद्दल एक सांगायलाच हवं. गुण मिळावे म्हणून "पाहू बरं पुन्हा घेऊन" हे कधीच करायचं नाही. दुसऱ्या वेळचा झटका पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो.

एकच बाई, एकच दुखणं, दोन वेगळे निकाल

समजावण्यासाठी एक रचलेलं उदाहरण घेऊ. समजा दर्यापूर तालुक्यातली ४५ वर्षांची एक बाई आहे. दारू नाही, दुसरं औषध नाही. तिनं १ जूनपासून रोज गुळवेलीचा काढा घेतला. १६ जुलैला, म्हणजे ४६ व्या दिवशी, लघवी गडद पिवळी झाली. १७ जुलैला काढा बंद केला आणि रक्त तपासलं. एसजीपीटी १,२०० आला. वरची मर्यादा ४० धरू. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, बाकीचे आजारही तपासले. दुसरं काही सापडलं नाही. १० ऑगस्टला पुन्हा तपासलं तेव्हा आकडा ४०० वर आला होता. घरात वेलीचा तुकडा होता, तो दाखवला आणि जाणकारानं ओळखला.

आता गुण मोजा. वेळ जुळली, २. तीस दिवसांत निम्म्याहून जास्त उतार, २. वय व दारू, शून्य. सोबतचं औषध नाही, शून्य. दुसरी सगळी कारणं बाजूला, २. गुळवेलीबद्दल आधी छापून आलं आहे, १. पुन्हा घेतलं नाही, शून्य. बेरीज ७. म्हणजे बहुतेक त्या काढ्यामुळेच.

आता तीच बाई, तेच दुखणं, फक्त कागद कमी. काविळीची एकही तपासणी केली नाही, म्हणून उणे २. बरं वाटलं म्हणून दुसऱ्यांदा रक्त तपासलंच नाही, तिथे शून्य. "कोण्या तरी वेलीचा काढा होता" एवढंच सांगता आलं, म्हणून सहाव्या प्रश्नातही शून्य. वेळेचे तेवढे २ गुण राहिले. बेरीज शून्य. निकाल काय लागला? औषध कारण नाही.

दुसऱ्या वेळी काढा निर्दोष ठरला नाही. त्याच्याविरुद्धचा पुरावाच गोळा झाला नाही. उलटंही होऊ शकतं. पाण्यातून झालेली कावीळ तपासली नाही, तर बिचाऱ्या वैद्याच्या माथी उगाच खापर फुटतं.

वऱ्हाडात डोळे पिवळे होण्याची बाकीची कारणं

पाचव्या प्रश्नाकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण इथे कावीळ व्हायला कारणं पुष्कळ आहेत.

*दूषित पाणी :* कावीळ ए आणि ई पाण्यातून पसरते. खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी पिता येत नाही, सगळं गाव नळावर अवलंबून. पाइपलाइन नालीतून गेली असेल आणि फुटली, तर एकाच वेळी गावात पाच-दहा जणांना कावीळ होते. अशा वेळी शेजारीपाजारीही आजारी आहेत का, हे डॉक्टरांना जरूर सांगा. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत कावीळ ई झाली तर ती फार घातक असते. अशा बायकांपैकी पाचात एक ते चारात एक दगावू शकते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिला घरी ठेवून झाडपाला देण्यात वेळ घालवू नका.

*कावीळ बी आणि सी :* ही रक्तातून, दूषित सुईतून, आईकडून बाळाला होते. वर्षानुवर्षं लपून राहते. राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयात बी व सी ची तपासणी आणि उपचार मोफत आहेत.

*सिकलसेल :* विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. त्यात लाल पेशी लवकर फुटतात आणि डोळे पिवळे दिसतात. लिव्हर ठीक असूनही पिवळेपणा येतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर ते आधी सांगा.

*टीबीची औषधं :* टीबीच्या गोळ्या सुरू असताना कोणी वरून काढा घेतला आणि कावीळ झाली, तर दोघांतला गुन्हेगार शोधणं कठीण. मेळघाटात धारणी-चिखलदरा भागात असं होऊ शकतं. गोळ्या एकीकडून सुरू आणि भुमकाचं औषध दुसरीकडून. अशा वेळी टीबीच्या गोळ्या मनानं बंद करू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. कोणती थांबवायची, कोणती पुन्हा सुरू करायची हे डॉक्टर ठरवतील.

*दारू आणि पित्तखडे :* मोहाची असो की देशी, रोजची दारू लिव्हर आतून खराब करते. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी कावीळ होते. तो सोनोग्राफीत दिसतो.

मग गावठी औषधानं कावीळ उतरते ती कशी?

हा प्रश्न लोक विचारतात आणि तो बरोबर आहे. कावीळ ए आणि ई बहुतेक धडधाकट माणसांत दोन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात कोणी भुईआवळी खाल्ली, कोणी नाकात थेंब टाकले, कोणी गळ्यात माळ घातली, तरी कावीळ उतरतेच. माळ खाली सरकते आणि श्रेय माळेला मिळतं.

ज्यांची कावीळ वेगळ्या कारणाची असते, त्यांच्यासाठी हेच दोन-तीन आठवडे महत्त्वाचे असतात. शिवाय लिव्हर आधीच सुजलेलं असताना त्याच्यावर अनोळखी पाल्याचा आणखी भार पडतो. आधी कावीळ झाली आणि मग औषध घेतलं, की आधी औषध घेतलं आणि मग कावीळ झाली? हा क्रम डॉक्टरांना नीट सांगा. पहिल्या प्रश्नाचे गुण यावरच ठरतात.

घरातल्या हळदीची भीती नको, कॅप्सूलचा विचार करा

"मग हळद, मिरे, पिंपळी हेही बंद करायचं का?" नाही. भाजीतली हळद वेगळी आणि अर्क काढून भरलेली कॅप्सूल वेगळी.

अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या लिव्हरच्या इजेवर नजर ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या गटानं हळदीच्या औषधांमुळे त्रास झालेले १० रुग्ण नोंदवले. पाच जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांमध्ये एकच विशिष्ट जनुक सापडलं. काही उत्पादनांत हळदीसोबत मिऱ्याचा अर्क होता.

हा मिऱ्याचा मुद्दा आपल्या भागाला जवळचा आहे. मिऱ्यात असतं तेच पायपरीन हे रसायन अंजनगाव सुर्जी, अकोट भागात पिकणाऱ्या पानपिंपळीत असतं. पायपरीन दुसऱ्या औषधांना रक्तात जास्त पोहोचवतं. १९९८ साली बंगळुरूत झालेल्या एका प्रयोगात हळदीतल्या मुख्य घटकासोबत पायपरीन दिल्यावर तो घटक रक्तात सुमारे वीस पट जास्त पोहोचला. आयुर्वेदात पिंपळी अनेक औषधांत का घालतात, याचं उत्तर काही अंशी यात असावं. पण पोटात जास्त शोषलं जाणारं औषध लिव्हरवरही जास्त भार टाकतं. म्हणून मात्रा वैद्यानं ठरवावी, मोबाइलवर आलेल्या व्हिडिओनं नाही.

कोडाच्या डागांवर बावची खायला देतात. बावचीमुळे लिव्हर बिघडल्याच्या नोंदीही वैद्यकीय लेखांत आहेत. कोडासाठी बावची घेणाऱ्यानं डॉक्टरांना हे सांगून ठेवावं.

सर्वात मोठी अडचण : पुडीत काय आहे?

बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मिळणारी वाताची पावडर, शुगरची पावडर, सांधेदुखीच्या गोळ्या. नाव नाही, बॅच नंबर नाही, घटक नाहीत. अशा पुडीत पाला आहे, भस्म आहे की स्टेरॉइड वा वेदनाशामक कुटून टाकलं आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. दहा वनस्पती एकत्र असतील तर त्यातली बाधली कोणती हे रुकामलाही सांगता येत नाही. हा त्या पद्धतीचा कमकुवत भाग आहे, म्हणून अवघड प्रकरणात डॉक्टर गुणांसोबत आपला अनुभव, कधी लिव्हरचा तुकडा काढून केलेली तपासणी हेही बघतात.

परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधावर कारखान्याचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटकांची यादी असते. हे नसेल तर घेऊ नका. घेतलंच असेल तर पुडी फेकू नका.

कावीळ दिसली तर घरी एवढं करा

- काढा, पावडर, गोळी, चूर्ण, ताकदीचं औषध, जे काही मनानं सुरू असेल ते त्याच दिवशी थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली टीबी, फिट, बीपी, शुगरची औषधं मात्र त्यांना विचारूनच थांबवा.
- कॅलेंडरवर तीन तारखा लिहा. औषध कधी सुरू केलं, त्रास कधी दिसला, औषध कधी बंद केलं.
- उरलेली पुडी, बाटली, पाकीट, वेलीचा तुकडा कोरड्या पिशवीत ठेवा. मोबाइलवर पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. वेल जिथून तोडली तिथे अजून असेल तर पानासकट फोटो काढा.
- मागच्या तीन महिन्यांत घेतलेली सगळी औषधं सांगा. मेडिकलवरून आणलेली पेनकिलरही सांगा.
- रक्ताचे रिपोर्ट जपून ठेवा. बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी दुसरी तपासणी कराच. दुसरा रिपोर्ट नसला, की वर सांगितलेले दोन-तीन गुण गेलेच.
- आराम पडल्यावर तेच औषध पुन्हा घेऊ नका. आपल्या कागदावर "या औषधानं त्रास झाला होता" असं लिहून ठेवा.

कधी थांबायचं नाही

बिलिरुबिन मर्यादेच्या दुपटीवर आणि एसजीपीटी तिपटीवर गेलं असेल आणि कारण औषध असेल, तर अशा दहा रुग्णांत साधारण एक जीव गमावू शकतो, असा डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. म्हणून काविळीसोबत पुढचं काही दिसलं तर गावात थांबू नका. माणूस असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो अन् रात्री जागतो. नाका-हिरड्यांतून रक्त येतं. पोट फुगतं. उलट्या थांबत नाहीत. किंवा बाई गरोदर आहे. १०८ ला फोन करा. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय म्हणजे इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. रक्त गोठण्याची तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, लगेच करायला सांगा. लिव्हर किती काम करतंय, हे त्यावरून कळतं.

तक्रार नव्हे, नोंद

औषधानं त्रास झाल्याचा संशय असेल तर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः नोंद करू शकतात. केंद्राच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४ आहे. आयुर्वेदिक, युनानी, सिद्ध, होमिओपॅथी औषधांसाठी आयुष मंत्रालयाची २०१८ पासून वेगळी व्यवस्था आहे. तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. नोंद केली म्हणजे कोणावर केस होते असं नाही. पण सहावा प्रश्न, "या औषधाची आधी नोंद आहे का?", त्याचं उत्तर अशाच नोंदींतून तयार होतं. मुंबईच्या सहा रुग्णांची नोंद झाली म्हणून पुढे ४३ रुग्ण शोधले गेले.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

*वैद्याकडचं औषधही घेऊ नये का?* घ्या, पण नोंदणी असलेल्या वैद्याकडून, चिठ्ठी लिहून घेऊन. आधी लिव्हरचा आजार, थायरॉइड किंवा संधिवात असेल तर ते त्यांना सांगा. जास्त दिवस औषध चालणार असेल तर मधे एकदा लिव्हरची तपासणी करून घ्या.

*आमचे आजोबा आयुष्यभर गुळवेल प्यायले, त्यांना काही झालं नाही.* खरं असेल. पण आजोबा ताप आला की चार दिवस प्यायचे, की तीन महिने रोज दोन वेळा? कोरोनाच्या काळात लोकांनी महिनोन्‌महिने घेतलं.

*डॉक्टर रागावले तर?* रागावू द्या. चार वाक्यं ऐकून घ्या, पण काय घेतलं ते सांगा. पुडी पिशवीतून काढून टेबलावर ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो.